पाठकोरे कागद

नोकरीच्या पहिल्या वर्षांत चित्रकलेचा तास मला विश्रांतीचा वाटायचा. फळ्यावर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, झोपडी आणि नारळाचं झाड काढायचं आणि तिसरीच्या मुलांना सांगायचं, "उतरवून घ्या." अक्षरं गिरवून घेतात तसं चित्रही गिरवून घ्यायचं, एवढीच माझी समज होती.

एकदा एका मुलानं डोंगरांऐवजी विहीर काढली. उभी कापल्यासारखी. आत पाणी, पाण्यात मासे, तळाशी मोटर आणि तिची कागदाच्या कडेपर्यंत गेलेली वायर. मी लाल पेनानं लिहिलं, "विहिरीच्या आतलं बाहेरून दिसत नाही." त्यानं वही मिटली. पुढे कितीतरी तास तो मुकाट्यानं माझेच डोंगर उतरवत राहिला.

गावात चित्रकलेचे एक निवृत्त सर राहत. मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवण्यात त्यांची हयात गेली होती. एका दुपारी शाळेत वह्या चाळताना ते त्या पानावर थांबले. म्हणाले, "बाई, या वयात मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, मनाला ठाऊक असतं ते काढतं. याच्या घरी मोटरीचं काही झालंय का?"

मला बोलवेना. त्या मुलाच्या घरची मोटर त्याच महिन्यात जळली होती. साऱ्या गावाला ते माहीत होतं, मलाही.

त्यानंतर सर दर शनिवारी येऊ लागले. आधी त्यांनी खोडरबर गोळा करून कपाटात ठेवले. टोकदार पेन्सिलीऐवजी जाड मेणखडू आणले. लहान मुठीत ते नीट बसतात, हात खांद्यापासून फिरतो. ग्रामपंचायतीतून पाठकोरे कागद मिळवले, चिकटवून मोठे केले, फरशीवर अंथरले. खडू संपले तेव्हा कोळसा, गेरू, हळद आणि डिंकाचं पाणी आलं. एका मुलीनं आजोबांच्या चंचीतला चुना हळदीत कालवला आणि पिवळ्याचा लाल झाला. मी ओरडणार, तोच सरांनी हातानंच थांबवलं. त्या मुलीचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. बोलण्याआधी थांबायचं, हे मी त्या दिवशी शिकले.

पुढे मी वाचू लागले. मूल मनाला ठाऊक असतं ते काढतं, हे सरांनी सहज सांगितलेलं फ्रेंच अभ्यासक ल्युके यांनी १९२७ सालच्या पुस्तकात मांडलं होतं. १९४४ पासून सेवाग्रामला मुलांना चित्रकला शिकवणाऱ्या देवी प्रसाद यांचं लेखनही हाती आलं. पण माझे डोळे उघडले होते ते सरांमुळेच. ते नसते तर वाचलेलं मला उमगलं नसतं.

आज सर नाहीत. मूल चित्र दाखवायला येतं तेव्हा "हे काय काढलंस?" असं मी विचारत नाही. "मला सांग ना याच्याबद्दल," म्हणते आणि ऐकते. हे सरांचं देणं आहे.

त्या मुलाचंही ऋण माझ्यावर आहे. एका शनिवारी मी त्याच्यापुढे मोठा कागद अंथरला आणि म्हटलं, "तुझी विहीर मला कळली नव्हती रे. चुकलंच माझं. पुन्हा काढशील?" तो बराच वेळ बसून राहिला. मग खडू उचलला. विहीर झाली, मासे झाले, मोटर झाली. वायर कागदाच्या कडेला आली, पण तिथे थांबली नाही. फरशीवर उतरली आणि दारापर्यंत गेली.

ती रेघ मी पुसली नाही.