अ.पा.क.

चि. बाळ यास,


सातबाऱ्यावरील ‘अ.पा.क.’ हा शेरा कमी करण्यासाठी तलाठ्याकडे द्यायच्या अर्जाला शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा, हे ध्यानात असावे. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. खातेदार अठराच्या आतला असला की त्याच्या नावाशी हा शेरा आणि आईचे किंवा अन्य पालकाचे नाव लागते. तो काढताना शेतीतले काय कळते, असे कोणी विचारत नाही. ‘सज्ञान’ शब्दात ज्ञान असले तरी कायदा जन्मतारीखच पाहतो, आणि मोठेपण मिळवायचे की समाजाने द्यायचे, हा घरात निघालेला वाद याच कागदावर तपासून पाहण्यासारखा आहे.

१८७५ च्या कायद्याने सज्ञानतेचे वय अठरा ठरवले खरे, पण ज्या अल्पवयीनाला न्यायालयाने पालक नेमून दिला असे, आणि असे मूल बहुधा पोरकेच असे, त्याला १९९९ च्या दुरुस्तीपर्यंत एकविसाव्या वर्षापर्यंत अज्ञान राहावे लागे.

जुन्या उताऱ्यांवरचा ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, हा शेरा याहून बोलका आहे. जमीन सगळ्यांची असली तरी नाव थोरल्या भावाचे लागे. धाकट्याने चाळिशी ओलांडली, स्वतःच्या मुलींची लग्ने लावून दिली, तरी त्याला व्यवहार कळत नाही असेच घरात धरले जाई, आणि बहिणींचा तर विषयच निघत नसे. मोठेपण कमवावे लागते असे म्हणणारा बहुधा ते आधीच मिळालेला असतो.

आता कमावूनही ते न मिळालेले पाहा. बीडकडच्या ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या मजुराला अर्धा कोयता म्हणतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीवर देतो, आणि २००६ च्या कायद्यात मुलीसाठी अठराची अट असूनही तिकडे लग्ने लवकर उरकली जातात त्यामागचे हे एक कारण आहे. पंधराव्या वर्षी फडात मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणारी, रात्री कोपीवर चूल पेटवणारी मुलगी मोठेपणाची सगळी किंमत मोजते. उचलीचा हिशेब मात्र मुकादम तिच्या नवऱ्याशी करतो. तिने मोठेपण कमावले नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? परीक्षा न घेता तारखेवर हक्क देणारा तो कोरडा कागदच तेवढा न्यायाच्या जवळ जातो, फक्त तो तिच्यापर्यंत पोचत नाही.

अर्जावर सही पूर्ण नावाने करावी. ‘बाळ’ पत्रापुरते ठीक आहे.

कळावे, हे आशीर्वाद.
— मामा