पाच लिटरचा डबा आणि खर्जाची तार

"काका, पन्नास वर्षं एकच स्पीकर बनतोय म्हणजे चांगलाच असणार. घेऊन टाकू का?"

पवनेच्या तळ्याकाठी बंगला बांधलेल्या एका तरुणाने मला गेल्या पावसाळ्यात हे विचारलं. बेडशात माझं स्पीकर-दुरुस्तीचं टेबल आहे, तिथे उभ्या उभ्याच. त्याच्या मनात होता बीबीसीचा एलएस 3/5ए. या स्पीकरवर माझा फार जीव आहे. तरी मी लगेच हो म्हटलं नाही.

हा स्पीकर मुळात दिवाणखान्यासाठी जन्मलाच नाही. बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाडीत हेडफोनशिवाय निवेदकाचा आवाज तपासता यावा, म्हणून बीबीसीच्या अभियंत्यांनी 1970 च्या दशकात तो घडवला. त्यांच्यातल्या हारवूड आणि सहकाऱ्यांनी त्यावर 1976 साली अहवालही लिहिला. डबा जेमतेम पाच लिटरचा. प्लायवूड मुद्दाम पातळ आणि आतून डांबरी थर दिलेलं, म्हणजे डब्याचा स्वतःचा आवाज बोलण्यात मिसळू नये. आत केईएफचा बी-110 वूफर आणि टी-27 ट्विटर, ट्विटरभोवती चारही बाजूंनी जाड फेल्ट. निकष एकच, माणूस माणसासारखा ऐकू यावा. म्हणूनच गाणाऱ्याचा श्वास या डब्यातून जसा येतो, तसा याच्या तिप्पट मोठ्या डब्यांतूनही क्वचित येतो.

पण पन्नास वर्षं टिकलं ते नाव. आतला माल बदलत गेला. सुरुवातीचा स्पीकर 15 ओहमचा; वूफरचे गुण हळूहळू सरकत गेले म्हणून 1980 च्या दशकाच्या अखेरीस क्रॉसओव्हर नव्याने बांधून तो 11 ओहमचा झाला. पुढे केईएफने ते वूफर-ट्विटर बनवणंच थांबवलं. मग कुणी वेगळे वूफर बसवून आवाज जुळवला, तर फाल्कनसारख्यांनी मूळ वूफर-ट्विटर पुन्हा घडवले. तेव्हा पहिला प्रश्न किमतीचा नसतो. यात कोणता वूफर आहे, आणि उद्या तो गेला तर तोच मिळेल का, हे आधी विचारावं. व्हार्फडेलचा डायमंड 1982 पासून चालू आहे, पण दर मालिकेत स्पीकर नवा. तिथे जुन्या कौतुकावर नवा माल घेण्यात अर्थ नाही.

जुनी जोडी घ्यायची तर आमच्या मावळात वूफरच्या कडेकडे आधी बघावं. इथे चार महिने भिंतींना घाम सुटतो. फोमची कड असलेले स्पीकर दहा-पंधरा वर्षांत असे होतात की बोट लावलं की भुगा. बी-110 ची कड रबरी आणि कोन प्लॅस्टिकचा, त्यामुळे तो आपला पावसाळा काढतो. कोन दोन्ही बाजूंनी बोटांनी सारखा, हलकेच दाबावा. कॉइल घासत असेल तर खरखर हाताला आधी कळते, कानाला नंतर. पेन्सिल सेल तारांना क्षणभर लावावा. दोन्ही कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत.

उमेदीच्या काळात मी या स्पीकरची एक जुनी जोडी घेतली तेव्हा एवढं सगळं केलं आणि तरी फसलो. आकाशवाणीचं एक जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावलं. मोनो आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभा राहायला हवा. गायक मध्यसप्तकात मध्येच होता, तारसप्तकात गेला की डावीकडे सरकायचा. उघडून पाहिलं तर एका डब्यात तसाच दिसणारा, पण दुसराच वूफर. तेव्हापासून मोनो ऐकल्याशिवाय मी कुणाला पैसे मोजू देत नाही.

त्यानंतर तानपुरा. पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण 65 हर्ट्झला बोलते, आणि तिथे या पाच लिटरच्या डब्याचा दम संपत आलेला असतो. तरी खर्ज ऐकू येतो, कारण जवारीतून उमटणारे वरचे स्वरांश तो इतके स्वच्छ देतो की मूळ स्वर कान स्वतः भरून घेतो. ढोल-ताशा मात्र त्याच्याकडे मागू नये. त्याची संवेदनशीलता सुमारे 83 डेसिबल. 1946 पासून बनणाऱ्या, कोपऱ्यात ठेवायच्या क्लिप्शहॉर्नची 105 च्या आसपास. त्याला एक वॅट पुरतो तिथे याला दीडशेच्या वर लागतील, आणि तेवढे याला सोसणार नाहीत.

राहिली खोली. त्या तरुणाला मी बेडसे लेण्यांच्या पायऱ्या चढवून विहारात नेलं. मागे अर्धगोल भिंत, वर कमानदार छत. विहाराला असा आकार दुर्मीळ. तिथे मी खालचा सा लावला. थांबलो तरी दगडाने तो धरून ठेवला. मग साधं बोलायला लागलो, तर शब्द एकमेकांत मिसळले. "तुझ्या बंगल्यात असंच होणार," मी म्हटलं. तळ्याकडे अखंड काच, खाली गुळगुळीत फरशी, वर स्लॅब. आमच्या जुन्या कौलारू घरातून आवाज निघून तरी जातो. शिवाय या स्पीकरला खालच्या सुरांत मुद्दाम थोडा उंचवटा दिलेला आहे. भिंतीला टेकवला की तो फुगतो आणि आवाज घोगरा होतो.

माझीच जोडी त्याच्या गाडीत घातली. बंगल्यावर काचेवर जाड पडदे ओढले, जाजम पसरलं, स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे घेतले आणि ऐकणाऱ्याची खुर्ची चार हातांवर आणली. मोनो लावलं. तो बराच वेळ बोलला नाही.

"इतक्या जवळ बसून ऐकणार असशील तर घे," मी सांगितलं. "पन्नास माणसांची पार्टी करणार असशील तर नको."

जोडी अजून त्याच्याकडेच आहे. परवा फोन आला, स्पीकर मागच्या भिंतीपासून आणखी हातभर लांब ठेवू का म्हणून. म्हटलं ठेव, दिवाळीत ऐकायला येतो.