मागची ओळ

तीस वर्षे प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. मुलाचे गुण आणि दोष बहुधा एकाच खोलीत बिऱ्हाड करून असतात. बोलका मुलगा वक्तृत्वाची ढाल आणतो आणि गणिताच्या तासाला शेजाऱ्याला सुखाने बसू देत नाही. अबोल मुलगी सुरेख निबंध लिहिते, पण प्रश्न विचारला की जमिनीकडे बघते. आमच्या शाळेच्या कपाटात सध्या एक कॅमेरा आहे. त्याचे प्रगतिपुस्तक भरायचे झाले, तर मला याहून निराळा शेरा सुचणार नाही.

हा कॅमेरा निकॉन डी-थ्री. आमचा एक माजी विद्यार्थी बेळगावात लग्नसमारंभांचे फोटो काढतो. २०१८ साली त्याने नवा कॅमेरा घेतला आणि हा जुना आणून माझ्या टेबलावर ठेवला. "विकून काय फार येत नाही सर. शाळेत ठेवा की. पोरं शिकतील." मी उचलून पाहिला आणि लगेच दोन्ही हातांत धरला. बॅटरीवाचून नुसती बॉडीच १२४० ग्रॅम! चोवीस-सत्तरची भारी लेन्स लावली की सव्वादोन किलोंच्या पुढे. आमच्या पी.टी.च्या सरांनी ताबडतोब त्याची गणना व्यायामाच्या साहित्यात केली.

याला 'फुल फ्रेम' कॅमेरा म्हणतात. शब्द नवा वाटतो, पण माप जुने आहे. जर्मनीतील वेट्झलार येथील लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचे कारागीर होते. त्यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी चालवून छोटा कॅमेरा घडवला. १९२५ साली तो 'लायका' या नावाने बाजारात आला. त्याच्या चित्राची चौकट ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच होती. पुढे जगभर जो छत्तीस फोटोंचा रोल आपण वापरला, त्याची चौकट हीच. फिल्म जाऊन तिच्या जागी संवेदक आला, तेव्हा एवढा मोठा संवेदक बनवणे फार महाग पडत असे. म्हणून निकॉनने १९९९ सालच्या डी-वनपासून लहान संवेदक वापरले. कॅननने २००२ मध्ये पूर्ण चौकटीचा कॅमेरा आणला. निकॉनचा पहिला म्हणजे हा डी-थ्री, ऑगस्ट २००७ मध्ये जाहीर झालेला.

मोठ्या चौकटीने काय साधते? पावसात अंगणात एक घमेले आणि एक वाटी ठेवा. तेवढ्याच वेळात घमेल्यात पाणी जास्त साठेल. या कॅमेऱ्याचा संवेदक आधीच्या लहान संवेदकाच्या दुपटीहून मोठा आहे आणि त्यावर ठिपके फक्त एक कोटी एकवीस लाख. आज मुलांच्या खिशातल्या मोबाइलवर पाच कोटींचा आकडा छापलेला असतो. पण तिथे नखाएवढ्या जागेत ती सगळी मंडळी दाटीवाटीने बसलेली असतात. आमच्या कॅमेऱ्यातला प्रत्येक ठिपका ऐसपैस बसतो, म्हणून अंधुक उजेडातही त्याला पुष्कळ दिसते.

याचा प्रत्यय २०१९ च्या स्नेहसंमेलनात आला. नाटकाच्या ऐन रंगात वीज गेली. कुणीतरी दोन इमर्जन्सी दिवे रंगमंचावर आणून ठेवले आणि मुलांनी नाटक तसेच पुढे चालू ठेवले. नववीच्या एका मुलीने आयएसओ ६४०० वर नेऊन फ्लॅशवाचून फोटो काढले. पूर्वी आपण चारशेच्या रोलवर समाधान मानत होतो आणि फ्लॅश मारला की सर्वांचे चेहरे पिठात बुडवून काढल्यासारखे दिसत. या फोटोंत थोडे कण आहेत, रवाळपणा आहे. पण विंगेत आपल्या वाक्याची वाट पाहत उभ्या असलेल्या पोराचे पुटपुटणारे ओठसुद्धा दिसतात. हा या कॅमेऱ्याचा पहिला नंबर.

आता दोष. वजनाचे सांगितलेच. आवाज मोठा, प्रार्थनेच्या वेळी फोटो काढला तर शेवटच्या रांगेतली मुले वळून बघतात. सेकंदाला नऊ फोटो काढतो, म्हणजे आमच्या काळचा छत्तीसचा अख्खा रोल चार सेकंदांत संपला! त्यामुळे फोटो पुष्कळ होतात आणि बघायला कुणी बसत नाही. व्हिडिओ निघत नाही. लेन्स बदलताना संवेदकावर धूळ बसली तर ती आपोआप झटकायची सोय नाही. ती २००९ च्या डी-थ्री-एसमध्ये आली. आमच्या लाल मातीच्या मैदानावर हा दोष लहान म्हणता येत नाही.

पण सर्वांत मोठा दोष कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकातून मला उमगला नाही. तो एका बाईंनी दाखवला.

त्यांचा मुलगा २०१२ साली आमच्याकडून दहावी झाला आणि पुढे फौजेत भरती झाला. त्या वर्षीचा वर्गाचा ग्रुप फोटो पिशवीतून काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. "सर, फौजेतला फोटो हाय, पण शाळेतला ह्यो एकच. ह्यातला तेवढा मोठा करून द्या." फोटो शहरातून आलेल्या एका छायाचित्रकाराने अशाच पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्याने काढला होता. तेव्हा सगळ्यांनी त्याची तारीफ केली होती. मागचे झाड लोण्यासारखे विरघळले होते आणि खुर्च्यांवरचे आम्ही शिक्षक अगदी रेखीव आलो होतो. मात्र बाकावर उभी असलेली मागची ओळसुद्धा झाडाबरोबर थोडी विरघळली होती.

मी आमच्या फोटोग्राफर विद्यार्थ्याला बोलावले. फोटो पाहताच तो म्हणाला, "लेन्स पूर्ण उघडी ठेवलीय सर." मग त्याने मला समजावले. मोठ्या चौकटीच्या कॅमेऱ्यात तेवढेच दृश्य बसवायला लांब पल्ल्याची लेन्स लागते आणि तिच्यात स्पष्टतेचा पट्टा अरुंद होतो. लेन्सचे छिद्र एफ १.४ वर उघडे ठेवले आणि सहा मीटरवरच्या पहिल्या ओळीवर नेम धरला, तर दोन-अडीच मीटर मागची मुले त्या पट्ट्याबाहेर जातात. छिद्र आठवर आणले की पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे स्पष्ट. पण मग उजेड कमी पडतो.

किती कमी पडतो, ते त्याने माझ्या टेबलावरच्या कागदावर मांडले. १.४, २, २.८, ४, ५.६, ८. पाच पायऱ्या. दर पायरीला उजेड निम्मा. त्याच्या शेजारी दुसरी रांग: २००, ४००, ८००, १६००, ३२००, ६४००. याही पाच पायऱ्या. दर पायरीला कॅमेऱ्याची नजर दुप्पट. एक जिना उतरावा आणि दुसरा चढावा, हिशेब बरोबर जुळतो. म्हणजे अंधारात पाहण्याची जी ताकद या जातीच्या कॅमेऱ्याला मिळाली आहे, ती मागच्या ओळीसाठी खर्च करता येते. थोडे कण पत्करावे लागतात, झाड विरघळत नाही, फोटो मासिकातल्यासारखा दिसत नाही. पण मुले सगळी दिसतात. २०१२ च्या त्या संध्याकाळी ही ताकद हाताशी असून ती झाड सुंदर करण्यात गेली.

मी बाईंना सांगितले, चेहरा स्पष्ट येणार नाही. त्यांनी फोटो पुन्हा जवळ ओढला, मागच्या ओळीवर बोट फिरवले आणि डावीकडून चौथ्यावर थांबवले. "ह्योच. कान बघा की. तसाच मोठा करा." आम्ही तसाच मोठा करून दिला. त्या तो छातीशी धरून घेऊन गेल्या.

आपल्याकडे घराघरांत दोन भाषा बोलतात, पण शाळेचा ग्रुप फोटो भिंतीवर लावताना त्याला भाषा लागत नाही. पुष्कळ घरांत मुलाच्या शाळेची खूण म्हणून तेवढा एकच फोटो उरतो. पुढच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांचे फोटो सत्कारात, वर्तमानपत्रात, निरोपसमारंभात निघतच राहतात. मागच्या ओळीला मात्र वर्षातून एकदाच कॅमेऱ्यासमोर यायला मिळते.

आता आमचे फोटो आमचीच मुले काढतात. छिद्र आठ, हा नियम कपाटाच्या दारावर लिहिला आहे. फोटो निघाला की कॅमेरा धरणारा मुलगा मागचा पडदा बघतो, चित्र मोठे करतो आणि मागच्या ओळीच्या डाव्या टोकापासून एकेक नाव मोठ्याने वाचतो. कुणाचे डोळे मिटले असतील, कुणी पुढच्याच्या डोक्याआड गेला असेल, तर पुन्हा फोटो. एकेक ओळ उतरत तो शेवटी खुर्च्यांवरच्या आम्हा मंडळींपाशी येतो. तिथे कुणी हललेले असले, तर तेवढे चालवून घेतो.