यार्ड ड्यूटीची पानं

सोमवार, ७ ऑक्टोबर २०२४, सॅक्रामेंटो

ऑक्टोबर हा इथल्या शाळांतला छळ रोखण्याचा महिना. कॉरिडॉरभर 'दयाळू व्हा'ची पोस्टरं लागली. मधल्या सुट्टीत मैदानावर मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या आम्हा यार्ड ड्यूटीवाल्यांना नारिंगी जॅकेट, शिट्टी आणि वॉकी-टॉकी. वर्गात बाईंसमोर कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. जे व्हायचं ते जेवणाच्या रांगेत, पाण्याच्या नळामागे, बाथरूमच्या दाराशी होतं. म्हणजे नेमकं आमच्या हद्दीत.

सकाळी व्हाइस प्रिन्सिपल बाईंनी नियम समजावले. कॅलिफोर्नियात २०१२ पासून 'सेथ्स लॉ' आहे. डोळ्यांदेखत छळ होत असेल आणि मध्ये पडण्यात धोका नसेल, तर शाळेच्या कर्मचाऱ्याने तिथल्या तिथे मध्ये पडलंच पाहिजे. तासाच्या पगारावरची मीही त्यात येते का, असं विचारलं. येते म्हणाल्या.

गुरुवार, १० ऑक्टोबर

तिसरीतल्या पोरांनी नवा खेळ काढलाय. एका शीख मुलाच्या डोक्यावरच्या पटक्यात केसांच्या जुड्याचा जो उंचवटा दिसतो, तो म्हणजे 'बटण'. पळत यायचं, बटण दाबायचं, 'रीसेट' ओरडायचं आणि पसार व्हायचं. परवा हटकलं तर 'तोही हसतो' म्हणाली. हसत होता खरा. दहा जण हसत असताना आठ वर्षांचं पोर दुसरं काय करणार?

आज एकाने दाबायच्या ऐवजी ओढलं. पटका त्याच्या हातात आला आणि जुडा सुटला. मुलगा रडला नाही. कमरेपर्यंत आलेले केस दोन्ही हातांनी गोळा करून भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मी शिट्टी मारून बाकीच्यांना मागे सारलं, त्याला विचारून माझं जॅकेट त्याच्या डोक्यावर टाकलं आणि नर्सच्या खोलीत नेलं.

नर्सने बिचारीने रबर बँड पुढे केला. मी नांदेडची. शाळेत शेजारच्या बाकावर शीख मुली होत्या, तेव्हा या केसांना न विचारता हात लावायचा नाही एवढं मला पक्कं ठाऊक. पण पटका बांधायचा कसा, ते कधी जवळून पाहिलं नव्हतं. त्यालाही येत नव्हतं. रोज सकाळी आई बांधते. शेवटी पाचवीतल्या बहिणीला वर्गातून बोलावलं. तिने बोटांनीच केस विंचरले, पुढे घेऊन पीळ दिला, टाळूवर जुडा घातला. पटक्याची कड कपाळावर नीट बसवून पुढचे बंद मानेमागे बांधले, मागचे वर घेऊन जुड्याभोवती फिरवून खोचले. पाच मिनिटांचं काम. 'चल हुण,' म्हणाली आणि आपल्या गणिताच्या तासाला परत गेली. हे तिने शाळेत पहिल्यांदाच केलं असावं असं काही वाटलं नाही.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

ऑफिसात म्हणाले, 'मुलं खेळत होती. कोणी मारलं तर नाही ना?' मग मुलाला बोलावून विचारलं, 'तुला आवडत नाही, हे तू त्यांना स्पष्ट सांगितलं होतंस का?' त्याने मान खाली घातली. पटका ओढणाऱ्याला कोणी काही विचारलं का, कळलं नाही.

आमच्याकडे डोक्याला लागल्याचा एक छापील कागद असतो. पोराचं डोकं झोपाळ्याच्या दांड्याला नुसतं टेकलं तरी तो भरायचा, एक प्रत घरी पाठवायची. वेळ, जागा, कोणी पाहिलं, बर्फ लावला का, सगळ्याचे रकाने. डोक्यावरचं वस्त्र ओढून काढलं, तर त्यासाठी कागद नाही. मी तोच घेतला. इजा: नाही. बर्फ: नाही. खालच्या मोकळ्या जागेत घडलेलं सगळं लिहिलं, 'बटण' आणि 'रीसेट'सकट, आणि तारीख घालून ऑफिसात दिला. सेक्रेटरी म्हणाली, हा कुठल्या फायलीत लावू? म्हटलं, नसली तर नवी उघडा.

रविवार, १३ ऑक्टोबर

'शीख कोअलिशन' ही संस्था ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर उभी राहिली. त्याच आठवड्यात, १५ तारखेला, अॅरिझोनातल्या मेसामध्ये बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्याच पेट्रोल पंपावर गोळ्या घातल्या होत्या. फेटा आणि दाढी पाहून. या संस्थेचा शाळांवरचा २०१४ चा अहवाल आज वाचून काढला. त्याचं नावच 'गो होम, टेररिस्ट'. मुलांच्या कानावर पडणारे शब्द जसेच्या तसे मुखपृष्ठावर. पाहणीतल्या निम्म्याहून अधिक शीख मुलांनी शाळेत छळ सोसला होता. पटका किंवा फेटा बांधणाऱ्यांत हे प्रमाण दोन-तृतीयांशाच्या घरात.

न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये २००७ साली एका शाळेच्या बाथरूममध्ये पंधरा वर्षांच्या शीख मुलाचे केस दुसऱ्या विद्यार्थ्याने कात्रीने कापले. त्यानंतर पालक आणि संघटना मागे लागल्या, तेव्हा २००८ मध्ये शहराच्या शिक्षण खात्याने नियम केला: धर्म, वंश वगैरेंवरून होणाऱ्या छळाची तक्रार लेखी नोंदवायची आणि तिची चौकशी करायची. पोस्टरं त्याआधीही असतीलच.

संध्याकाळी माहेरच्या ग्रुपवर भावाने दसऱ्याच्या शुभेच्छांखाली सरदारजीचा विनोद टाकला. नांदेडात, सचखंड गुरुद्वाऱ्याच्या गावात, जिथले शीख तुमच्या-आमच्यासारखं मराठी बोलतात, तिथेही दुपारी 'बारा वाजले' म्हणून पोरांना चिडवलेलं मी ऐकलंय. या विनोदांवर बंदी आणा म्हणून एक वकीलबाई सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या. माझी मुलं चिडवण्याला कंटाळून नावापुढे सिंग, कौर लावायला नको म्हणतात, असं त्यांचं म्हणणं. २०१७ मध्ये कोर्टाने सांगितलं, लोकांनी कसं वागावं याचे नियम आम्ही घालून देऊ शकत नाही. कोर्टाला जमत नसेल, पण थोरल्या बहिणीला जमतं. भावाला फोन केला. 'अगं ताई, गंमत आहे ती!' म्हणाला. इथे ऑफिसातही हेच ऐकून आले होते.

बुधवार, १६ ऑक्टोबर

आई आणि आजोबा शाळेत आले. आजोबांनी विचारलं, पंजाबी का? म्हटलं, महाराष्ट्रातली, नांदेडची. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आठवणीने त्यांनी हात जोडले, 'हजूर साहिब!' मग नामदेवांचा विषय काढला. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची पदं आहेत, हे मलाच समजावून सांगत होते.

आई फाटकाशी थांबली. 'दीदी, तो आठवडाभर केस कापा म्हणतोय.' ओळखीच्या दोन घरांनी शाळा सुरू व्हायच्या आधीच मुलांचे केस कापून टाकले. 'त्यांना मी नावं ठेवत नाही. पण माझ्या मुलाने मोठा होऊन ठरवलं तर गोष्ट वेगळी. तिसरीतली पोरं कोण ठरवणारी?' आजोबांचं म्हणणं, लक्ष देऊ नकोस, आपोआप थांबतील. मागच्या वर्षी 'टेररिस्ट' म्हणाले होते, तेव्हाही लक्ष दिलं नाही. थांबले नाहीत, शब्द बदलला.

'आपल्या देशात परत जा' असंही कोणीतरी म्हणालं होतं. स्टॉकटनचा गुरुद्वारा १९१२ चा, इथून तासाभरावर. याच कॅलिफोर्नियातून दलीपसिंग सौंद १९५६ साली अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले. हे त्या पोरांना कोणी सांगितलेलं नाही. राज्याच्या सामाजिक शास्त्रांच्या आराखड्यात २०१६ पासून शिखांचा इतिहास आहे, पण तो वर्गापर्यंत पोचणं बाईंच्या मर्जीवर.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

पटक्याबद्दल वर्गापुढे येऊन बोलाल का, असं शाळेने आईला विचारलं. मुलगा नको म्हणाला. बरोबर आहे. ज्याला ओढलं त्यानेच उभं राहून आपल्या डोक्यावर काय आहे हे समजावायचं आणि ज्यांनी ओढलं त्यांनी मांडी घालून ऐकायचं, हा कुठला न्याय?

तिसरीच्या बाईंनी दुसरी वाट काढली. सुप्रिया केळकर यांचं 'द मेनी कलर्स ऑफ हरप्रीत सिंग' हे २०१९ चं चित्रपुस्तक आहे. मनाच्या रंगाप्रमाणे पटक्याचा रंग निवडणाऱ्या आणि नव्या गावी येऊन बुजलेल्या मुलाची गोष्ट. ते बाईंनी वाचून दाखवलं. शंकांची उत्तरंही बाईंनीच दिली आणि शेवटी म्हणाल्या, कोणाच्याही डोक्याला, कपड्याला, अंगाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. हा आपल्या वर्गाचा नियम. हिजाब घालणारी मुलगी, कुरळ्या केसांच्या दोघी काळ्या मुली, सगळ्या त्यात आल्या. केळकर आडनाव वाचून मला उगीच बरं वाटलं.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

हॅलोवीन. आमचा शार्क होऊन आला, माशाची टोपी पटक्यावरून घट्ट ओढलेली. पाचवीतला एक जण दुकानातला चकचकीत फेटा आणि खोटी दाढी लावून 'जिनी' झालेला. तो याला म्हणाला, 'तुला कॉस्च्यूमवर पैसे घालवायची काय गरज होती?'

मी मध्ये पडले. जिनीला बाजूला घेतलं, काय म्हणालास ते परत सांग म्हटलं. परत सांगताना त्याला तेवढं सोपं गेलं नाही. वाईट पोरगा नाही तो. पण असले फेटे शाळेत चालणार नाहीत, असं आधी घरोघर कळवणं मोठ्यांचं काम होतं. कागद भरला. घरी येऊन घाईघाईने लक्ष्मीपूजन.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

बैठक झाली. ओढणाऱ्याच्या घरी पत्र गेलं होतं. त्याचे वडील म्हणाले, 'एका टोपीवरून एवढं?' व्हाइस प्रिन्सिपल बाईंनी माझे कागद त्यांच्यापुढे ठेवले. तारखा आणि मुलांचे शब्द वाचल्यावर आवाज खाली आला. त्यांचा मुलगा आठवडाभर रीसेसमध्ये माझ्याशेजारी राहील.

नळामागच्या कोपऱ्यावर आता एक जण कायम उभा राहणार. यार्डसाठी वेगळा कागद छापणार, त्यात 'धर्म, वंश, पेहराव यांवरून' असा रकाना. आम्हाला प्रशिक्षण द्या म्हटलं, तर बजेट नाही. ते जानेवारीत पुन्हा मागणार.

पोस्टरं उतरली, तिथे थँक्सगिव्हिंगची टर्की लागली. फाटकाशी आईला सांगितलं, ऑफिसातून कागदांच्या प्रती लेखी मागून घ्या. डिस्ट्रिक्टकडे छळाची रीतसर तक्रार करायला घटनेपासून सहा महिने मिळतात. खेळ पुन्हा सुरू झाला तर आजोबांचं ऐकत बसू नका. १० एप्रिलची तारीख तिच्या फोनमध्ये तिथेच टाकायला लावली.