ठमी अडली तेव्हा

लालबागच्या आमच्या चाळीत ठमीला कुणी आणली नाही. ती गॅलरीतून आली आणि आई मासे साफ करत होती तिथे हक्काने बसली. अंगाने बारकी, आवाज मात्र नळावरच्या भांडणातला. पाच-सहा महिन्यांची मांजरसुद्धा गाभण राहू शकते, हे घरात कुणाच्या गावीही नव्हतं. ठमीचं पोट दिसायला लागलं तेव्हा कळलं.

नऊ आठवडे भरल्यावर, ऐन रात्री, कपाटातल्या जुन्या लुगड्यावर ती व्यायला बसली. पहिलं पिल्लू झालं. तिने नाळ तोडली, वार खाल्ली, पिल्लू चाटून कोरडं केलं. पुढे मात्र नुसत्या कळा. अर्धा तास जोर करून ती दमली, तरी दुसरं येईना. "मांजर आपली आपण विते," असं सगळे म्हणत होते. खालच्या मजल्यावरच्या आजी तेवढ्या म्हणाल्या, "काही ओढाओढ करू नका रे, अडलीय ती. डॉक्टरकडे न्या."

भाजीच्या करंडीत ठमी, फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीशी पिल्लू, आणि टॅक्सी परळला. पाटीवर बाई साकरबाई दिनशा पेटिट यांचं नाव असलं, तरी टॅक्सीवाल्याला 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हटल्याशिवाय कळत नाही. १८८३ सालापासूनच्या त्या दवाखान्यात आमच्यापुढे कुत्री-मांजरंच होती. बैल एकही नाही.

एक्स-रेत एक पिल्लू आडवं अडकलेलं दिसलं. कळा वाढवायचं इंजेक्शन देता येईल का, असं बाबांनी विचारलं.

"वाट बंद असताना कळा वाढवल्या तर पिशवी फाटेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सिझेरियनच करू. पिशवीही आत्ताच काढून टाकते."

"मग दूध?"

"दुधाचा पिशवीशी संबंध नाही हो. पाजेल ती."

अडकलेलं पिल्लू गेलं होतं. त्याच्या मागची दोन नाक-तोंड पुसून, टॉवेलने चोळचोळून रडती केली. भूल उतरल्यावर ठमीने तिन्ही पिल्लांना घेतलं, पोटावरच्या टाक्यांची पर्वा न करता.

पुढे चाळीत मांजर व्यायला टेकली की लोक आईला बोलवायचे. तिचं सांगणं एकच असे: जोराच्या कळा येऊन वीस-तीस मिनिटांत पिल्लू बाहेर आलं नाही, तर सकाळची वाट बघू नका. आणि रात्री उघडा असणारा दवाखाना कुठे आहे, ते मांजर गाभण असतानाच विचारून ठेवा.