तिसरं कडवं

गेल्या महिन्यात होस्टेलच्या ग्रुपवर निरोप आला. आमची गाणी रचणारी गेली. बडोद्याला, पहाटे, झोपेत. पाच मिनिटांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली. कुणी तिच्या हातच्या पोह्यांची आठवण काढली, कुणी तिच्या सोशिक स्वभावाची. गाण्यांचा विषय एकीनंही काढला नाही. ते मला फार लागलं.

१९९१ साल, कृष्णाकाठचं गाव. मुलींच्या होस्टेलला पाणी पहाटे साडेचारला यायचं, जेमतेम अर्धा तास. नळापुढे बादल्यांची रांग, प्रत्येकीवर ऑइलपेंटनं रूम नंबर. त्या रांगेत उभ्याउभ्या तिनं पहिलं गाणं बांधलं, आरतीच्या चालीवर. नळ हा देव, रेक्टरबाई पुजारीण. उलटी बादली, दोन ताटं, चमचे आणि चार तारा उरलेली एक गिटार, एवढा आमचा बँड. तिसऱ्या कडव्यात 'भ'च्या बाराखडीतली एक सणसणीत शिवी होती आणि ती नेमकी समेवर यायची. आधीच्या ओळीला ती डोळे मिटायची, आवाज इतका खाली आणायची की नव्या मुली हात जोडायच्या. मग बादलीवर थाप आणि शिवी, एकदमच. मेसची पाणचट आमटी, राहिलेली जर्नलं, घरून न आलेली मनीऑर्डर, सगळं त्या थापेत मोकळं व्हायचं.

पुढे कधीतरी 'कार्मिना बुराना'बद्दल वाचलं. बव्हेरियातल्या एका मठात १८०३ साली सापडलेलं तेराव्या शतकातलं हस्तलिखित. त्यात विद्यार्थ्यांची आणि धर्मशिक्षण घेतलेल्या पोरांची गाणी, दारूची, जुगाराची, शरीरसुखाची. चर्चमधल्या उपासनेच्या धाटणीवर रचलेली जुगाऱ्यांची उपासनासुद्धा आहे. वाचताना मला आमचा नळच दिसला. कार्ल ऑर्फनं त्यातली काही गाणी संगीतात बांधली, १९३७ साली ती रंगमंचावर आली, आणि आज जगभर लोक ती तिकीट काढून ऐकतात.

आमच्या गॅदरिंगला मुलांच्या बँडनं आमच्यापेक्षा कितीतरी घाण गाणी म्हटली. शिट्ट्या झाल्या, बक्षीस मिळालं. आम्ही दुसऱ्या कडव्यापर्यंत पोचलो आणि माईक बंद केला गेला. तिच्या एकटीच्या घरी पत्र गेलं. वडील येऊन तिला घेऊन गेले. ती पंधरा दिवसांनी परतली, पण नवं गाणं तिनं त्यानंतर रचलं नाही. हा राग मी तेहतीसपेक्षा जास्त वर्षं जपलाय आणि तो सोडायचा माझा विचार नाही.

त्या सुट्टीत मी हे आजीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून तिनं हलक्या आवाजात एक गाणं म्हटलं, तिच्या लग्नात हळद दळताना बायकांनी व्याह्यावर रचलेलं. आमची शिवी त्यापुढे बाळबोध होती. म्हणाली, "शिमग्याला बाप्ये बोंबलत्यात. बायांनी बोलायचं कुठं मग? जात्यावरच की."

ते गाणं मी लिहून घेतलं नाही. आजी १९९६ साली गेली. चाल थोडी आठवते, शब्द गेले.

काल रात्री नळाची आरती वहीत उतरवली, चारही कडवी, तिसरं शिवीसकट. सकाळी ग्रुपवर टाकली.