ज्याच्यावर राज्य, त्याचे डोळे बांधलेले

मध्यंतरी कोल्हापुरात एका प्रदर्शनाला गेलो होतो. लोणची-पापड, मसाज करणाऱ्या खुर्च्या, न वाकता फरशी पुसायचा जादूचा मॉप, आणि शेवटच्या कोपऱ्यात भडंगाच्या स्टॉलला लागून व्हीआरचा, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीचा मांडव. शंभर रुपयांत पाच मिनिटं. आत प्लास्टिकच्या खुर्चीत साधारण पन्नाशीच्या एक काकू बसल्या होत्या. पदर खोचलेला, पर्स सुनेच्या हातात, आणि डोळ्यांवर तो काळा डबा. डब्याच्या आत त्यांची गाडी कुठल्याशा उंच पाळण्यावरून सुसाट खाली निघाली असावी, कारण काकूंनी एकदम किंचाळून स्टॉलवाल्या पोराचा शर्ट धरला आणि शेवटपर्यंत सोडलाच नाही. भोवती वीस-पंचवीस माणसं जमली होती. निम्म्यांचे मोबाईल वर. काकूंनी डबा काढला, केस सारखे केले आणि पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही सगळे हसताय कशाला?"

पोरानं डब्याच्या आतला घामेजलेला फोम टिश्यू पेपरनं पुसला आणि पुढच्याच्या तोंडाला लावला.

घरी येईपर्यंत हा खेळ कुठं पाहिलाय ते आठवत होतो. आठवलं तेव्हा हसू आलं. आंधळी कोशिंबीर! ज्याच्यावर राज्य येतं त्याचे डोळे बांधायचे, तो हात पसरून चाचपडत फिरणार आणि मजा बाकीच्यांची. फरक एवढाच, की आता राज्य घ्यायला शंभर रुपये मोजावे लागतात, आणि डोळे बांधलेल्याला पट्टीच्या आत एक अख्खी वेगळी दुनिया दिसते.

ही दुनिया टिकणार का, यावर माझं आणि भाच्याचं दोन वर्षं भांडण चालू आहे. तो हिंजवडीत नोकरी करतो. त्याच्याकडं क्वेस्ट टू नावाचा डबा आहे, अर्धा किलो वजनाचा. दिवाळीला तो घेऊन आला आणि पाडव्यापासून भाऊबीजेपर्यंत आमचं कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं घर त्या डब्याभोवती फिरत होतं. खेळायला बसण्याआधी डबा म्हणतो, दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा द्या. सहा-साडेसहा फुटांचा चौकोन झाला हा! पेठेतल्या घरात एवढी रिकामी जमीन फक्त कुणी वारल्यावर होते. टीपॉय गॅलरीत गेला, दिवाण भिंतीला लागला, फराळाचे डबे माडीवर. मग भाच्यानं हातातल्या कंट्रोलरनं फरशीवर आपल्याभोवती एक रेघ आखली. ती फक्त त्यालाच दिसणारी. तिच्याजवळ गेलं की आत निळसर जाळी उभी राहते आणि सांगते, बाबा रे, पुढं कपाट आहे.

बीट सेबर नावाचा एक खेळ आहे. गाण्याच्या तालावर समोरून ठोकळे येतात आणि हातातल्या प्रकाशाच्या तलवारींनी ते छाटायचे. दहा मिनिटांत बनियन भिजतं, हे मी स्वतः अनुभवलंय. खोटं कशाला बोलू, मजा आली. दुसरा एक खेळ होता, त्यात आपण जागेवर उभे आणि दृश्य पळतंय. चार मिनिटांत मला मळमळायला लागलं. गगनबावड्याच्या घाटात एसटीत पेपर वाचायला घेतला की होतं तेच. तिथं कानाच्या आतल्या तोलाला वळणं कळतात आणि डोळ्यांना कागद स्थिर दिसतो; इथं डोळे म्हणतात पळतोय, कान म्हणतात जागेवर आहेस. दोघांचं पटलं नाही की पोट मधे पडतं. घाटासाठी आपल्याकडं आवळासुपारी असते. डब्याबरोबर कंपनी ती देत नाही.

भाच्याचं म्हणणं साधं. मोबाईलसुद्धा आधी विटेएवढा होता. वजन कमी होईल, किंमत उतरेल, मग बघा. पण हे 'मग बघा' फार जुनं आहे. 1968 साली आयव्हन सदरलँड या अमेरिकी संशोधकानं डोक्यावर घालायचं पहिलं यंत्र केलं, ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागे. 1995 मध्ये निन्टेंडोनं व्हर्च्युअल बॉय काढला, त्यात सगळं जग लाल आणि काळं, वर्षभरात गुंडाळला. 2012 मध्ये ऑक्युलसनं लोकांकडून वर्गणी काढून नव्यानं डाव मांडला आणि 2014 मध्ये फेसबुकनं ती कंपनी दोनशे कोटी डॉलरला घेतली. त्याच वर्षी गुगलनं पुठ्ठ्याचा चष्मा काढला, मोबाईल आत सरकवायचा आणि बघायचं. आमच्या घरातही एक होता, त्याचं पुढं काय झालं कुणालाच आठवत नाही. 2024 साली ॲपलचा आला, साडेतीन हजार डॉलरचा, म्हणजे आपल्याकडं तीन लाखांच्या घरात. फेसबुकवाल्या मेटाच्या व्हीआर खात्यानं एकट्या 2023 मध्ये सोळाशे कोटी डॉलरचा तोटा दाखवला. इतका पैसा ओतूनही एखादी गोष्ट घराघरांत जात नसेल, तर अडचण नुसत्या वजनाची नसावी.

मला ही अडचण कोल्हापुरात बसून जास्त कळते, कारण दिसतं ते खरं वाटावं म्हणून या गावानं फार जीव टाकलाय. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातले भाऊ नाटकांचे पडदे रंगवायचे. सपाट कापडावर महाल, अरण्य, लांबपर्यंत गेलेला रस्ता. प्रेक्षकाला वाटावं, उठून आत चालत जावं. पुढं सिनेमा पाहून त्यांनी प्रोजेक्टर उलगडला आणि स्वतः कॅमेरा घडवायचा ध्यास घेतला. 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी तो कॅमेरा पुरा केला आणि 1920 साली महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे, त्याला हार घालतात. यंत्राला हार घालणारं हे गाव नव्या यंत्राला उगाच नाकं मुरडेल, असं नाही.

पण त्या काळाच्या थोडं आधी एक निवाडा झाला होता, तो मी भाच्याला सांगत असतो. एडिसनचा किनेटोस्कोप 1894 मध्ये बाजारात आला. लाकडी पेटी, वर भोक, एका वेळी एकानं वाकून आत हलती चित्रं बघायची. पुढच्याच वर्षी ल्युमिए बंधूंनी तीच करामत पडद्यावर टाकली, आणि 7 जुलै 1896 ला ती मुंबईत वॉटसन हॉटेलात पोचलीसुद्धा. त्याच्याही आधी, 1892 मध्ये, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी काचेवर हातानं रंगवलेली चित्रं दिव्याच्या झोतात पडद्यावर हलवून दाखवली होती. नाव काय ठेवलं, तर शांबरिक खरोलिका! (असं नाव ठेवायची छाती आज कुठल्या कंपनीत आहे?) काही वर्षांत पेटी संपली, पडदा राहिला. पेटीतलं चित्र काही वाईट नव्हतं. पण शेजारच्याला कोपरानं ढोसून "बघ, बघ" म्हणायची सोय तिच्यात नव्हती.

यावर भाचा हुकमी पान टाकतो. "मामा, मग मोबाईल? तो पण एकट्याचाच डबा. तो कसा जिंकला?"

यानं मी बरेच दिवस निरुत्तर होतो. उत्तर मिळालं ते बहिणीकडं बघून. ती एका हातात मोबाईल धरून सिरियल बघते, दुसऱ्या हातानं भाजी हलवते, आणि दूध उतू जायच्या आधी बरोबर तिचा हात शेगडीवर असतो. मोबाईल माणसाला निम्मंच नेतो. निम्मं माणूस घरात राहतं, हाकेला ओ देतं, कुरिअरवाल्याला दार उघडतं. व्हीआरला सगळं माणूस लागतं. डोळे, कान, दोन्ही हात, वर सहा फूट जमीन. आपल्याकडं दिवसात कुणाला अर्धा तास तरी सबंध, कुणी हाक मारणार नाही असा, मिळतो? आईला तर नाहीच.

आणि तरीही माणसं सबंधच्या सबंध स्वतःला देऊन टाकतात, हेही मी याच गावात पाहिलंय. आमच्या लहानपणी व्हिडिओ गेमच्या पार्लरमधे 'मुस्तफा' असायचा. त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, ते आम्हाला फार पुढं कळलं. एक रुपयाचं कॉइन टाकणारा एक, आणि त्याच्या खांद्यावरून वाकलेले पाच. "उडी मार की!" "मागनं आला, मागनं!" खिशात रुपया नसला तरी खेळात आपण असायचोच. शाहू स्टेडियमवर पीटीएम आणि दिलबहारची फुटबॉल मॅच बघणाऱ्याला विचारा, नव्वद मिनिटं तो कुठं असतो. केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं तेव्हा लोक रस्त्यावर उभं राहून रडत होते. लगेच मागणी झाली ती जसंच्या तसं बांधायची. नाटकं घरबसल्या कसल्याही चष्म्यातून दाखवा, असं कुणी म्हणाल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

त्या नाट्यगृहाला लागूनच खासबाग. शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधून घेतलेलं मैदान. भोवतीची जमीन उतरत उतरत मधल्या हौद्यापाशी येते, त्यामुळं कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. हजारो माणसं, प्रत्येकाला वाटतं कुस्ती माझ्यापुढंच चाललीय. तुम्हाला आत ओढून घ्यायचं ते खासबाग ओढून घेतं, फक्त शेजाऱ्यासकट.

म्हणून माझा अंदाज असा, की व्हीआर मरणार नाही, पण घरात नांदणारही नाही. ते जत्रेत राहील. मौत का कुआँ आणि आकाशपाळण्याच्या रांगेत. मॉलमधे, प्रदर्शनात, कुणाच्या वाढदिवसाला. वैमानिकांना आणि डॉक्टरांना शिकवायला ते वापरतात, त्या कामाचं भलं होवो. पण खेळ म्हणून रोज? भाच्याच्या डब्यावर पुण्यात धूळ असते, हे त्यानं बहिणीपाशी कबूल केलंय, माझ्यापाशी नाही. जत्रेत असणं कमी आहे असं मी म्हणत नाही. जत्रा दरवर्षी भरते. माझा अंदाज चुकूही शकतो. बोलपट आले तेव्हा ते टिकणार नाहीत म्हणणारे माझ्यापेक्षा शहाणेच होते.

भाऊबीजेच्या संध्याकाळी भाच्यानं डबा त्याच्या आजोबांच्या, आमच्या आबांच्या डोक्यावर चढवला. आबा पंचाहत्तरीचे. तरुणपणी तालमीत जायचे, अजून कानांच्या पाळ्या मोडलेल्या आहेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खासबागला जाणं बंद. भाच्यानं त्यांच्यासाठी बॉक्सिंगचा खेळ लावला. कुस्तीचा त्याच्याकडं नव्हता.

समोर प्रतिस्पर्धी उभा राहिला असावा. आबांनी ठोसा उगारला नाही. ते जरा वाकले, गुडघा दुखला म्हणून थांबले, मग फरशीला हात लावला आणि तो छातीवरून आणि दंडांवरून फिरवला. माती लावून घेतात तसा. मग मांडीवर शड्डू ठोकला, कंट्रोलर आपटून खाटकन आवाज झाला, आणि सलामीला हात पुढं केला. हात पुढंच राहिला. घेणारं कुणी नव्हतं. भाचा ओरडत होता, "आजोबा, मारा की, तो मारतोय तुम्हाला!" आबा हात तसाच धरून एक पाऊल पुढं गेले, खडाखडीला मान धरायला जातात तसे, आणि जाळी उभी राहिली असणार, कारण ते जागच्या जागी थबकले.

"काय झालं आबा?" बहीण म्हणाली.

डबा डोळ्यांवर तसाच ठेवून आबा आवाजाच्या दिशेनं वळले.

"लई बारका हाय गं ह्यांचा आखाडा."